बॉक्स शाबूत, आतली काचेची बाटली फुटलेली. ७ प्लाय घेऊ का?

कोकमघर_कुडाळ:

नमस्कार मंडळी. आमचं कुडाळजवळ घरगुती कोकम सिरप आणि आगळ आहे. ७०० मिलीची काचेची बाटली, ६ बाटल्यांचा एक बॉक्स, मुंबई पुणे जास्त आणि थोडं नाशिक-नागपूरकडे कुरियरने जातं. आधी ३ प्लायचा, म्हणजे तीन कागदी थरांचा, बॉक्स होता, बाटल्या फुटायला लागल्या म्हणून ५ प्लाय केला, तरी दर खेपेला कुठून ना कुठून फोन येतोच की ताई बाटली फुटून आली. आणि मला कळत नाहीये ते हे की बॉक्स बाहेरून एकदम व्यवस्थित असतो, लोक फोटो पाठवतात ना, कोपरे पण फार दबलेले नसतात, आणि उघडलं की आत सगळा लाल राडा. कुरियरवाले म्हणतात बॉक्सला डॅमेज नाही म्हणजे तुमचं पॅकिंगच खराब, क्लेम बसत नाही. बॉक्सवाला म्हणतो ७ प्लाय करा, सगळं थांबेल.

माहिती देते. बाटली ८ सेंमी व्यासाची, झाकणासकट २८ सेंमी उंच, भरलेली साधारण १ किलो ३३० ग्रॅम. बॉक्सची आतली साईज २७ × १८.५ × २९. आत ३ प्लायचं जाळीचं पार्टिशन, वर एक पुठ्ठ्याचा तुकडा. पॅक होऊन साडेआठ किलो भरतं. पेपर १५० जीएसएम, २० बीएफ असं बिलावर लिहिलेलं आहे, त्याचा अर्थ कुणी नीट सांगितला तर बरं होईल.

प्लास्टिकची बाटली करा असं प्लीज सांगू नका. आमचं गिऱ्हाईक काचेसाठीच घेतं. बबल रॅप पण शक्यतो नको आहे. पुढच्या महिन्यात बॉक्सची नवीन ऑर्डर द्यायचीय त्यामुळे जे काय बदलायचं ते आत्ताच बदलून टाकते.


रोटरीवाला_शिरोली:

ताई, आधी एक सांगा, बाटली फुटते कुठे? बूड, खांदा का मान? आणि कोपऱ्यातली फुटते का मधली? ७ प्लायची घाई करू नका, हे कळल्याशिवाय कुठलाच बॉक्सवाला तुम्हाला बरोबर सांगू शकणार नाही. मी शिरोली एमआयडीसीत बॉक्सच्या प्लांटलाच आहे म्हणून म्हणतोय.


कोकमघर_कुडाळ:

दादा मी जुने फोटो परत बघितले. बहुतेक वेळा बूड जातं, म्हणजे तळाच्या कडेचा गोल तुकडाच निघून येतो आणि वरची बाटली अख्खी. काही फोटोत पोटाला उभी तडा आहे, त्या मधल्या दोन बाटल्या आहेत. मान तुटलेली एक-दोनच ठिकाणी दिसली.


धक्का_चाचणी:

मी पॅकेजिंग टेस्टिंगमध्ये काम करतो, चाकणला. तुमच्या दोन्ही पोस्ट वाचून उत्तर समोरच आहे असं वाटतं. बॉक्स शाबूत आणि बाटलीचं बूड गेलंय, म्हणजे बॉक्स त्याचं काम करतोय आणि आत धक्का खाणारं काहीच नाहीये.

बॉक्सला दोन वेगवेगळी कामं असतात आणि लोक ती एकच समजतात. पहिलं काम वरचं वजन पेलायचं, गोडाऊनमध्ये किंवा ट्रकमध्ये त्याच्यावर बाकीचे बॉक्स थापले तरी चेपायचं नाही. हे काम प्लाय, पेपर, फ्लूट (पुठ्ठ्याच्या आतला लाटांचा कागद) करतात. दुसरं काम पडल्यावर आतल्या मालाला कमी लागू द्यायचं. हे काम प्लाय करत नाही, हे काम बाटली आणि बॉक्सची भिंत यांच्यामधली जागा करते आणि त्या जागेत जे भरलंय ते करतं. उलट प्लाय वाढवत गेलं तर भिंत आणखी ताठ होते आणि धक्का होता तसा आत जातो. ७ प्लाय घेतलात तर बॉक्स अजून छान दिसेल आणि बूड फुटायचंच.

आकड्यात बघा. पार्सल हातातून किंवा बेल्टवरून पाऊण मीटरवरून पडलं, धरा ७६ सेंमी, तर जमिनीला लागताना वेग सेकंदाला जवळजवळ ३.९ मीटर असतो. आता हा वेग किती अंतरात शून्य होतो त्यावर सगळं आहे. तुमच्याकडे बुडाखाली पॅड नाही, फक्त बॉक्सचे फ्लॅप आहेत, ते दबून दबून अर्धा सेंमी दबणार. ७६ सेंमी भागिले अर्धा, म्हणजे बाटलीला तिच्या वजनाच्या दीडशे पट झटका, १.३३ किलोच्या बाटलीवर २०० किलो, तो पण बुडाच्या अरुंद कडेवर. तेच जर थांबायला २ सेंमी मिळाले तर ३८ पट, म्हणजे ५० किलोच्या आसपास. हा सरासरी हिशोब आहे, खरा झटका क्षणभर याच्याहून जास्त जातो, पण प्रमाण हेच राहतं. अर्धा सेंमीचे दोन सेंमी केले की धक्का पाव झाला. कुठल्याही प्लायने हे होत नाही.

आणि पॅड कधीच पूर्ण दबत नाही, साधारण निम्मी जाडी कामाची धरायची. म्हणून २ सेंमी थांबायला हवं असेल तर पॅड साडेतीन-चार सेंमीचा पाहिजे. बाजूंना पण तसंच, बाटली आणि भिंत यात निदान २ सेंमी. तुमच्या खणात बाटलीच्या बाजूला अर्धा सेंमी आहे, मधे पार्टिशनचा एक पुठ्ठा. बॉक्स कुशीवर पडला की एक बाटली दुसरीवर जाते, मधला पुठ्ठा चेपतो ३ मिलिमीटर आणि बस. पोटाच्या उभ्या तडा तिथूनच आल्या.


कोकमघर_कुडाळ:

हे असं कुणीच समजावलं नव्हतं, खूप आभार. पण मग बॉक्स मोठा होणार ना? कुरियरवाले व्हॉल्युमेट्रिक वजन (बॉक्सच्या साईजवरून काढलेलं) लावतात, मी मुद्दाम बॉक्स टाईट ठेवला होता की साईज वाढू नये.


धक्का_चाचणी:

तिथेच तुमच्या बाजूने गणित आहे. सिरप जड, काच जड. लांबी × रुंदी × उंची सेंमीत, भागिले ५०००, हा बऱ्याच कुरियरचा हिशोब, काहीजण ४५०० किंवा ४००० ने भागतात, तुमच्या रेटकार्डवर बघून घ्या. तुमचा आत्ताचा बॉक्स बाहेरून साधारण २८ × २० × ३१.५ असेल, म्हणजे व्हॉल्युमेट्रिक साडेतीन किलो. काट्यावर साडेआठ. जे जास्त त्याचे पैसे लागतात, म्हणजे पैसे साडेआठ किलोचे भरताय आणि जागा साडेतीन किलोचीच वापरताय. मधली सगळी जागा तुमची आहे, फुकट आहे, ती बाटलीभोवती वापरा.

बाहेरून ३८ × २९ × ३८ धरा. ते ४१,८७६ घन सेंमी होतं, ५००० ने भागलं की ८.४ किलो. नवीन पॅकिंगसकट खरं वजन सव्वानऊच्या आसपास जाईल, म्हणजे व्हॉल्युमेट्रिक अजूनही खालीच. ४५०० ने भागलं तरी ९.३ येतं, चालून जातं. ४००० वाला असेल तर मात्र साडेदहा होतं, तिथे रेट बोलून घ्यावा लागेल.

५ प्लायची भिंत साडेसहा मिलिमीटर धरली तर आत मिळतात ३६.५ × २७.५ आणि उंचीत वरखाली फ्लॅप दुहेरी येतात म्हणून ३५.५ च्या आत. लांबीत ३ खण १२ सेंमीचे, रुंदीत २ खण साडेतेराचे. ८ सेंमीच्या बाटलीला सगळीकडून २ सेंमी किंवा जास्त जागा मिळाली. उंचीत २८ वजा केले की सात सव्वासात उरतात, साडेतीन खाली साडेतीन वर. बसलं.


हापूस_पडेल:

ताई आम्ही देवगड भागातून आंबा पाठवतो, वर्षानुवर्ष. पूर्वी लाकडी पेटी असायची आणि आत भाताचं गवत, आंबा गवतात बसायचा, घाटातून ट्रक कितीही आदळला तरी फळ शांत. आता पुठ्ठ्याचे डझन दोन डझनचे बॉक्स झाले पण आत पेंढा किंवा कागदाची कात्रणं लागतातच. तुम्ही पण गवत भरा, कोकणात काय कमी आहे का, खर्च नाही काही नाही. बबल रॅपची गरज नाही.


धक्का_चाचणी:

दादा गवताचं तत्त्व एकदम बरोबर, मी वर जे अंतर म्हणतोय तेच गवत देतं. पण दोन अडचणी आहेत. आंबा एप्रिल-मेला जातो, सिरप पावसात पण जातं, आणि त्या दिवसात गवत दमट झालं की बुरशी धरतं, खाण्याच्या वस्तूच्या बॉक्समधे गिऱ्हाईकाला ते चालणार नाही. दुसरं म्हणजे जड बाटली रस्त्यातल्या हादऱ्यांनी हळूहळू गवत बाजूला सारून खाली सरकते आणि मुक्काम येईपर्यंत बूड परत फ्लॅपवर टेकतं. आंबा हलका असतो म्हणून तो वरच राहतो. कात्रणांचं पण तसंच होतं. दीड किलोच्या आसपासच्या बाटलीला जागेवर धरून ठेवणारं काहीतरी पाहिजे.


रोटरीवाला_शिरोली:

चाचणीवाल्या दादांनी आतलं सांगितलं, मी पुठ्ठ्याचं सांगतो.

ताई तुम्हाला हवंय ते आमच्याकडे रोज बनतं, टू प्लाय रोल. एक सपाट कागद आणि त्याला चिकटवलेली फ्लूट, दुसऱ्या बाजूला कागद नाही, त्यामुळे तो एका दिशेने सतरंजीसारखा गुंडाळता येतो. ब्रॉड फ्लूटचा, म्हणजे मोठ्या लाटांचा घ्या, एक पदर साडेचार-पाच मिलिमीटर होतो. बाटलीला चार वेढे दिले की दोन सेंमी झाले. बाटलीच्या उंचीएवढ्या पट्ट्या कापून द्यायला सांगा, तुमच्याकडच्या बायका नुसत्या गुंडाळून कागदी टेप मारतील, काम झालं. आणि ही काही नवीन टूम नाही, १८७१ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने कोरुगेटेड कागदाचं पेटंट घेतलं ते बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळायलाच, त्यात नुसता लाटांचा कागद होता, १८७४ ला ऑलिव्हर लाँगने त्याला मागून सपाट कागद लावला. बॉक्स त्याच्यानंतर आला. म्हणजे हा माल जन्माला आलाय तोच काचेसाठी.

खालच्या-वरच्या पॅडला पण तेच. टू प्लायचे ७-८ तुकडे एकावर एक, प्रत्येक पदराच्या लाटांची नळी आधीच्याला आडवी येईल असे ठेवून चिकटवायचे, साडेतीन सेंमी होतात. त्याच्यावर एक ३ प्लायचा सपाट तुकडा ठेवा नाहीतर बाटलीचं बूड एकाच जागी रुतून बसेल, सपाट तुकडा असला की भार पसरतो.

आता बिलावरचं. जीएसएम म्हणजे कागदाचं एका चौरस मीटरचं वजन. बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर, जीएसएमला बीएफने गुणा आणि १००० ने भागा की त्या कागदाची फाटण्याची ताकद येते. १५० गुणिले २० भागिले १००० म्हणजे ३ किलो प्रति चौरस सेंमी. ५ प्लायमधे सपाट कागद तीन, त्यांचे ९, आणि फ्लूटचे दोन कागद निम्मे धरायची पद्धत आहे त्यांचे ३, झाले १२. हे तुमच्या बॉक्सचं बर्स्टिंग.

पण बर्स्टिंग म्हणजे पुठ्ठा मधे दाबून फोडायला किती जोर लागतो ते. बॉक्सवर बॉक्स ठेवल्यावर तो चेपतो का हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ईसीटी म्हणजे एज क्रश टेस्ट बघतात, पुठ्ठ्याचा छोटा तुकडा कडेवर उभा करून वरून दाबायचा आणि कधी मोडतो ते मोजायचं. गिऱ्हाईक फक्त बीएफ विचारतं म्हणून सगळे बीएफवरच भाव करतात. तुम्ही ईसीटी विचारा, ज्याच्याकडे मशीन आहे तो लगेच सांगेल.


कोकमघर_कुडाळ:

मग ५ प्लाय पुरेल ना नक्की? कारण बॉक्स मोठा झाला तर चेपणार नाही का वरच्या वजनाने, बॉक्सवाला तेच म्हणेल मला.


धक्का_चाचणी:

मॅकी नावाच्या संशोधकाचं १९६३ चं सूत्र आहे, अजून सगळीकडे तेच वापरतात. बॉक्सची ताकद = ५.८७ × ईसीटी × वर्गमूळात (घेर × पुठ्ठ्याची जाडी). तुमच्या नवीन बॉक्सचा घेर ३८ अधिक २९ दुप्पट, १३४ सेंमी. ५ प्लायचा ईसीटी समजा ७ किलोन्यूटन प्रति मीटर आणि जाडी साडेसहा मिलिमीटर. उत्तर येतं ३.८ किलोन्यूटन, म्हणजे ३९० किलो. ३ प्लायचा ईसीटी ४ आणि जाडी ३ मिलिमीटर धरली तर १५० किलो.

आता लागतं किती. ट्रकमधे सव्वादोन मीटरपर्यंत थप्पी लावली तर ६ बॉक्स, सगळ्यात खालच्यावर ५ बॉक्सचं ओझं, ४६-४७ किलो. याला ५ ने गुणायचं. पाच पट का, तर सूत्र कोरड्या नवीन बॉक्सचं आणि थोडा वेळ दाबलेल्या बॉक्सचं आहे. पावसाळ्यात हवा ९० टक्के दमट झाली की पुठ्ठ्याची ताकद निम्म्यावर येते, बरेच दिवस ओझ्याखाली राहिला की अजून उतरते, आणि थप्पी कोपऱ्यावर कोपरा न लावता विटांसारखी आडवीतिडवी लावली की अजून, कारण बॉक्सचं ओझं मुख्यतः चार उभे कोपरे पेलतात, मधली भिंत फुगून बाहेर येते. तर साधारण २३५ किलो लागतं. ३ प्लाय कमी पडतो, ५ प्लायला भरपूर होतं, ७ प्लाय म्हणजे पैसे वाया. ते पैसे टू प्लाय रोलवर घाला.


रोटरीवाला_शिरोली:

+१. आणि एक बघा, बॉक्स हातात घेतला की वरून उभ्या भिंतीच्या कडेकडे बघायचं, तिथे लाटा दिसल्या पाहिजेत. म्हणजे नळ्या उभ्या आहेत. शीट वाचवायला कुणी आडवी कापली तर नळ्या आडव्या येतात आणि तोच कागद, तेच प्लाय, तरी बॉक्स ओझ्याखाली चेपतो.

वजन पण करून घ्या. आतून ३६.५ × २७.५ × ३५.५ च्या बॉक्सला शीट लागते साधारण १३२ बाय ६४ सेंमी, ०.८४५ चौरस मीटर. सगळे कागद १५० जीएसएमचे असले तर फ्लूट लाटांमुळे जास्त खाते, सरासरी १.४ पट, म्हणजे ३ × १५० अधिक २ × २१० = ८७० ग्रॅम चौरस मीटरला. गुणाकार केला की बॉक्स ७३५ ग्रॅम, खळीचं धरून थोडं वर. माल आला की दहा बॉक्स एकत्र काट्यावर ठेवा. एक बॉक्स ६००-६५० ग्रॅम भरला तर कागद हलका लावलाय. आणि ९०० भरला तर खुश होऊ नका, तो ओला आहे, पेस्टिंग झाल्यावर सुकू न देता पाठवलाय. आमच्यासारख्या सेमी-ऑटोमॅटिक प्लांटमधे पावसात हे होतं, खळ स्टार्चची असते, वाळायला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक फोनवर फोन करत असतं.

गोल्डन क्राफ्टच्या रंगावर जाऊ नका. रंगवलेला कागद असतो तो, दिसायला छान, रंगाने ताकद येत नाही.


हापूस_पडेल:

पावसाचा विषय निघाला म्हणून लिहितो. बॉक्सचा गठ्ठा खळ्यात किंवा पडवीत जमिनीवर ठेवू नका, खाली लाकडी पॅलेट किंवा फळ्या, आणि भिंतीपासून वीतभर लांब. आमच्याकडे जूनमधे भिंत पाणी सोडते आणि खालचे बॉक्स हाताला मऊ लागतात, ते वाळवले तरी पहिल्यासारखे होत नाहीत. मोठ्या ऑर्डरचा रेट कमी मिळतो म्हणून वर्षाचा साठा आणून ठेवायचा मोह होतो पण पावसाच्या आधी लागतील तेवढेच आणा. पिन मारलेला बॉक्स घेऊ नका, खारी हवा आहे, पिना गंजून कागद खातात. जोड चिकटवून घ्या.

आणि बाहेरून कुरियरची प्लास्टिक पिशवी येतेच, ती पावसात राहू द्या ताई, प्लास्टिक नको म्हणता ते कळतं पण हबवर पार्सल उघड्यावर उतरतात.


कोकमघर_कुडाळ:

बरोबर आहे, बाहेरची पिशवी राहू दे. सगळ्यांचे खरंच आभार, मी वहीत उतरवून घेतेय. अजून दोन शंका. एक, बॉक्सवर काचेच्या ग्लासचं चित्र आणि वरच्या दिशेचे बाण छापतो आम्ही, ते मोठे केले तर उपयोग होईल का? आणि दोन, एखादी बाटली तरी फुटणारच म्हणा, तर बाकीच्या पाच खराब होऊ नयेत म्हणून काय करता येईल? लेबल भिजलं की गिऱ्हाईक पाचही परत करतं.


धक्का_चाचणी:

चित्र राहू द्या, माणूस उचलतो तिथे थोडा फरक पडतो. पण सॉर्टिंग बेल्टला चित्र वाचता येत नाही, घसरगुंडीवरून पार्सल कुठल्याही कुशीवर येतं. म्हणून सहाही बाजूंनी पडणार असं धरूनच आतलं पॅकिंग करायचं. बाणांपेक्षा हात घालायची भोकं जास्त कामाची. नऊ किलोचा गुळगुळीत बॉक्स नीट धरताच येत नाही, धरायला जागा असली की उचलून ठेवतात, नसली की ढकलतात किंवा सोडतात. छोट्या दोन भिंतींवर, मध्यापेक्षा थोडी वर, कोपऱ्यापासून लांब. भोकाने ताकद थोडी जाते पण तुमच्याकडे ३९० आहे, परवडतं.

गळतीचं, तर गुंडाळलेल्या प्रत्येक बाटलीला वेगळी पिशवी करण्यापेक्षा आधी झाकण बघा. गळतीतली काही फुटलेली नसून सैल झालेल्या झाकणाची पण असू शकते, घाटातून तासन्‌तास हादरे बसले की झाकण फिरतं. श्रिंक स्लीव्ह (गरम केलं की झाकणावर आवळून बसणारं प्लास्टिक) लावली की फिरत नाही. प्लास्टिकचं झाकण असेल तर इंडक्शन सील (बाटलीच्या तोंडावर चिकटणारी फॉइल) पण होतं, पत्र्याच्या झाकणाला ते होत नाही. बाकी टू प्लाय रोलचे चार वेढे थोडं सिरप पिऊन घेतातच, त्यामुळे शेजारच्या बाटलीपर्यंत आत्ताएवढं जाणार नाही.


रोटरीवाला_शिरोली:

टेप पण सांगतो, ५ प्लायचे फ्लॅप ताठ असतात, उघडायला बघतात. ४८ मिलिमीटरची टेप मधल्या फटीवर, दोन्ही बाजूंना खाली तीन बोटं उतरलेली, आणि दोन कडांना आडवी, इंग्रजी एच सारखी. वर आणि खाली दोन्हीकडे. बाहेरचे दोन फ्लॅप मधे एकमेकांना टेकले पाहिजेत, बोटभर फट राहत असेल तर बॉक्सची रुंदी आणि फ्लॅप जुळत नाहीयेत, बॉक्सवाल्याला परत द्या.


कोकमघर_कुडाळ:

शेवटचं विचारते. हे सगळं करून ऑर्डर दिली आणि तरी फुटल्या तर? एवढे बॉक्स छापून घेतलेले असणार. आधी कसं तपासायचं? लॅबला पाठवावं लागेल का?


धक्का_चाचणी:

छापायच्या आधी. साधे, न छापलेले ४-५ नमुने मागा, या प्रकारच्या बॉक्सला डाय (कापायचा साचा) लागत नाही, नुसतं स्लॉटिंग-क्रीजिंग, म्हणजे खाचा आणि घडीच्या रेघा, त्यामुळे नमुना सहज करून मिळतो. हातभोकं नमुन्यात ब्लेडने कापून घ्या.

बाटल्यांत सिरपऐवजी मिठाचं दाट पाणी भरा, साधं पाणी हलकं पडतं आणि चाचणी सोपी होऊन जाते. बाटली काट्यावर ठेवून १ किलो ३३० जवळ आणा, अगदी जुळली नाही तर कमी पडलेलं वजन बॉक्समधे वाळूची पुडी टाकून भरा. पॅक करा, टेप मारा, हलवून बघा, आतून आवाज आला नाही पाहिजे. आवाज आला तर वरचा पॅड वाढवा, फ्लॅप बंद करताना हाताने जरा दाबावं लागलं पाहिजे.

मग फेका. इस्टा १ए नावाची चाचणी आहे, साडेनऊ किलोच्या आतल्या पार्सलला ७६ सेंमीवरून दहा वेळा टाकतात. आधी बुडाचा एक कोपरा, मग त्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडा, आखूड आधी, लांब शेवटी, मग सहा बाजू सपाट. लॅबमधे याच्या आधी हादऱ्याच्या टेबलावर पण ठेवतात, ते तुम्ही करायला हवं असेल तर बॉक्स टेम्पोत मागे टाकून आंबोलीचा घाट चढून उतरून आणा आणि मग फेका. जमीन फरशीची किंवा कोब्याची पाहिजे, शेणाने सारवलेल्या अंगणात टाकू नका. एकच बॉक्स दहाही वेळा, मधे उघडायचा नाही.

मग उघडून नुसतं फुटली का नाही एवढं बघू नका. खालचा पॅड किती चेपलाय ते बघा. पुठ्ठ्याचा पॅड एकदा चेपला की परत फुगत नाही, तो तुम्हाला खरं काय झालं ते दाखवतो. कुठे पूर्ण सपाट झाला असेल, म्हणजे साडेतीनचा एक सेंमी राहिला असेल, तर बाटली वाचली तरी तिथे अजून पदर घाला. कुठल्याच पदराला काही झालं नसेल तर पॅड जास्त ताठ झालाय, पदरांमधली खळ कमी करा आणि वरचा सपाट तुकडा हलका घ्या.

लॅब हवीच असेल, म्हणजे एखाद्या मोठ्या ऑनलाईन दुकानाने रिपोर्ट मागितला तर, अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे, १९६६ पासूनची संस्था, तिथे कॉम्प्रेशन आणि ड्रॉप दोन्ही होतं. आत्ता तरी अंगणातली चाचणी पुरे.


रोटरीवाला_शिरोली:

आणि ऑर्डर देताना साईज आतली सांगताय का बाहेरची ते स्पष्ट लिहा, लांबी × रुंदी × उंची याच क्रमाने, तोंडाकडून बघितलं की मोठी बाजू ती लांबी. नुसतं ३८ बाय २९ बाय ३८ लिहून पाठवलंत तर बॉक्सवाला ती आतली धरणार, बॉक्स सगळीकडून दीड-दोन सेंमी मोठा येणार, आणि मग तुमच्या पट्ट्या पण ढिल्या आणि कुरियरचं वजन पण वर. ३६.५ × २७.५ × ३५.५ आतून, ५ प्लाय, नळी उभी, जोड चिकटवलेला, टू प्लाय ब्रॉड फ्लूटच्या पट्ट्या २८ सेंमी रुंद. एवढं व्हॉट्सॲपवर लेखी टाका आणि नमुना पास झाल्यावरच छपाईला हो म्हणा.